एक पान, पाठपोट

माझ्यासारखा गुप्तहेर शतकात एकदाच जन्माला येतो. पुढच्या शतकाने निदान सावध राहावं, असं ताईचं म्हणणं आहे. नजर ससाण्याची, कान हरणाचे आणि नाक... नाकाला बारमाही सर्दी असते, त्यामुळे त्याचा उल्लेख मी सहसा टाळतो. दिवसा मी बसस्थानकावरच्या 'हरवले-सापडले' खिडकीत कारकून असतो, पण ती केवळ जगाच्या डोळ्यांत धूळफेक. सव्वीस वर्षांत त्या खिडकीतून चार हजारांवर छत्र्या, एकशे सहा चष्मे आणि दातांची एक कवळी मालकांना परत मिळाली. यातली एकही वस्तू मी शोधलेली नाही. सगळ्या कंडक्टर आणून देतात. मी वहीत नोंद करतो आणि मालकाकडे संशयाने बघतो. पण अनुभव तो अनुभवच.

या नोकरीने मला दोन सवयी लावल्या. बेवारस वस्तू दिसली की उचलायची, ही पहिली. दुसरी म्हणजे नव्या कोऱ्या कागदावर कधी लिहायचं नाही. जगात एवढे पाठकोरे कागद पडलेले असताना, म्हणजे एक बाजू वापरलेली आणि दुसरी आपल्यासारख्या सज्जनाची वाट पाहत असलेली, कोऱ्या कागदाला हात लावायचा म्हणजे निव्वळ उधळपट्टी. हा माणूस एक दिवस भिंती उलट्या करून त्यांच्यावरही लिहील, असं ताई म्हणते. ताई माझी थोरली बहीण. ती घरी शिलाईकाम करते, आणि माझ्याविषयीची मतंही तशीच बेतून, टाके घालून, पक्की करून ठेवते.

आता प्रकरणाकडे वळतो. प्रकरण माझ्या भाचीचं.

भाची कॉलेजात पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते. त्या विषयाच्या प्राध्यापिकेला मुलं पाठीमागे 'लिटमस बाई' म्हणतात. उत्तर चुकलं की बाई लाल होतात आणि कोणी कॉपी करताना सापडला की निळ्या. सत्राच्या सुरुवातीलाच त्या प्रत्येकाच्या हातात एक पत्रक देतात: परीक्षेचे नियम आणि अभ्यासाचे सल्ले. भाचीने ते फ्रिजवर चिकटवलं होतं. चहाचं दूध काढताना मी ते इतक्यांदा वाचलंय की आणखी सहा महिन्यांत मीच परीक्षेला बसेन.

नियम तिसरा महत्त्वाचा. परीक्षेला प्रत्येकाला एक पान सोबत नेता येईल. एकच पान, पाठपोट, स्वतःच्या हस्ताक्षरात. त्यावर काय वाटेल ते लिहा: सूत्रं, समीकरणं, देवाचं नाव. मात्र 'दुसऱ्याच्या ज्ञानावर उत्तरं लिहिली जाऊ नयेत म्हणून' दुसऱ्याच्या हस्ताक्षरातला एक शब्दही सापडला तरी पान जमा होईल. चौथा नियम: पान हरवलं, भिजलं किंवा धाकट्या भावंडाने खाल्लं तर विभाग जबाबदार नाही. सातवा: दहा वाजून दहा मिनिटांनी दार बंद.

सल्ल्यांपैकी पाचवा असा: 'शिकलेलं एखाद्या काहीही न कळणाऱ्या माणसाला समजावून सांगा.' हा सल्ला वाचल्यावर भाचीने घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती मला रसायनशास्त्र शिकवायची.

"मामा, बफर म्हणजे असं द्रावण, की त्यात थोडं आम्ल घाल नाहीतर थोडी अल्कली घाल, त्याचा स्वभाव फारसा बदलत नाही."

"म्हणजे तुझी आई."

"नाही रे... म्हणजे, तसंच. पण का बदलत नाही?"

"कारण ती थोरली आहे."

मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आणि नववा सल्ला: 'प्रत्येक पान उलटून पाहा. दरवर्षी सतरा-अठरा विद्यार्थी मागच्या बाजूचा प्रश्न न पाहताच उठतात.' हा वाचून मी खो खो हसलो होतो. पान उलटून बघायचं हेसुद्धा ज्यांना सांगावं लागतं ते कसले डोंबलाचे शास्त्रज्ञ होणार, असं मी ताईला म्हणालो होतो. ताईला ते वाक्य अजून तोंडपाठ आहे.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. सहामाहीत भाचीला शंभरपैकी बावीस गुण मिळाले. अभ्यास तिचा चोख होता. पण मी मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका भिंग घेऊन तपासल्या आणि अटळ निष्कर्ष काढला की यंदा बफर येत नाही. तिने विश्वास ठेवला. तीस गुणांचं बफर आलं, आणि ते पाहून घाबरल्यामुळे येत होतं तेही तिच्या हातून गेलं. आता अंतिम परीक्षेत पन्नास मिळाले तर नियमाप्रमाणे सहामाही माफ. नाहीतर अख्खं वर्ष पुन्हा. ते बावीस गुण खरं तर माझे होते, लागले मात्र तिच्या नावावर. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती "माझं पान कुठंय?" म्हणून ओरडली, तेव्हा मी पॅड आणि पेन घेऊन धावत आलो. ही संधी मी सोडणार नव्हतो.

"शांत हो. कुठे ठेवलं होतंस?"

"इथेच, टेबलावर. साखरेच्या डब्याला टेकवून. शाई वाळली होती, पण डाग पडू नये म्हणून पालथं ठेवलं होतं. चार दिवस लागले रे मला ते लिहायला! मागची बाजू आज लिहिणार होते, जे लक्षात राहत नाही तेवढंच. माझी सगळी सूत्रं त्या पानावर होती!"

"आणि माझ्या हाती एकही सूत्र नाही," मी गंभीरपणे म्हणालो. पण कौतुक करायला कोणी जागेवर नव्हतं. भाची टेबलाखाली शिरली होती.

"आधी स्वतःचे खिसे बघा सगळ्यांनी," मशीनवरून ताई म्हणाली. "वस्तू घरातच असते."

सामान्य बुद्धीची माणसं अशीच बोलतात. मी पॅडवर पहिली ओळ लिहिली, 'संशयित क्र. १: ताई.' हातात सतत कात्री. कापडाचे नमुने बेतायला सतत कागद लागतो. शिवाय सगळ्यात आधी बोलली. चोराच्या मनात चांदणं.

ती भाजी आणायला गेल्यावर मी तिची टोपली उपसली. आत कागदाचे चौदा तुकडे होते, वेडेवाकडे कापलेले, सगळ्यांवर आकडे. सगळं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी ते चौदाही तुकडे डिंकाने जोडले. तास गेला. तयार झाली एका गृहस्थांच्या कोटाची डावी बाही. आकडे मापाचे होते, तेही पुरावा म्हणून पॅडवर उतरवून घेतले.

ताई परत आली. नंतर जे झालं त्याचा तपशील तपासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. एवढंच नोंदवतो की दुपारी मला कोणी जेवायला वाढलं नाही. तीही नोंद मी तिच्या नावापुढे केली.

"मामा, मी सरळ दुसरं पान लिहायला घेते," भाची म्हणाली. डोळे लाल झाले होते.

"वेडी आहेस का? संध्याकाळच्या आत तुझं पान तुझ्या हातात देतो. तोवर तू फक्त माझ्या प्रश्नांची उत्तरं दे."

दोन तास मी तिला प्रश्न विचारले. तिला उत्तरं दुसऱ्या दिवशी द्यायची होती, ती मी आदल्या दिवशीच काढून घेत होतो. हे तेव्हा लक्षात आलं नाही. एकच धागा मिळाला. सकाळी आठला तिची मैत्रीण कॅल्क्युलेटर परत द्यायला येऊन गेली होती.

संशयित क्र. २. मैत्रिणीला सगळे 'टॉपर' म्हणतात. ती दोन गल्ल्या सोडून राहते. मी तिच्या दारात उभा राहिलो आणि नजर रोखून विचारलं, "आज सकाळी आठ वाजता तू कुठे होतीस?"

"तुमच्याकडेच, काका. तुम्हीच दार उघडलंत."

मुलगी तयारीची होती. मी संशयाने आत डोकावलो. टेबलावर तिचं स्वतःचं पान होतं: मुंगीच्या पावलांएवढं अक्षर, चार रंगांच्या शाया, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

"तिचं पान मी कशाला घेईन, काका?" ती म्हणाली. "दुसऱ्याच्या अक्षरातलं पान नेलं तर जमा होतं. तिसरा नियम. ते पान तिच्याशिवाय जगात कोणाच्याच कामाचं नाही. जो कोणी चोरेल तो मूर्खच म्हणायचा."

परतताना मी रस्त्यातच थांबलो. मूर्ख! एवढा वेळ मी हुशार चोर शोधत होतो, तिथेच तर घोडं पेंड खात होतं. विजेच्या खांबाला पॅड टेकवून मी चोराचं सविस्तर वर्णन लिहून काढलं: 'मूर्ख. घरात मुक्त वावर. कागदाचा हावरट. पायाखालचं न पाहणारा. आपण फार हुशार आहोत असा दाट गैरसमज.' इतकं रेखीव वर्णन मी आयुष्यात केलं नव्हतं. असा माणूस आपल्या ओळखीत कोण आहे, याचा मी घरापर्यंत विचार केला. कोणीच आठवलं नाही.

संध्याकाळ झाली. पान नव्हतं. भाचीने माझ्याकडे पाहिलंही नाही. नवीन कागद घेतला आणि लिहायला बसली. चार दिवसांचं काम चार तासांत कसं व्हावं? झोपायला गेली तेव्हा जेमतेम अर्धं पान झालं होतं. आठवा सल्ला: 'आदल्या रात्री जागू नका.' तो तिने पाळला. मी मात्र कूस बदलत पडून होतो. एकदा बावीस घालवले, आता वर्ष घालवणार. असा मामा शत्रूलाही मिळू नये, असं मला त्या रात्री अगदी मनापासून वाटलं.

सकाळी उठलो तो शेवटचा निष्कर्ष घेऊनच. पान हरवल्यास विभाग जबाबदार नाही, असं आधीच लिहून कोण ठेवतं? ज्याला पान हरवणार हे ठाऊक असतं तो! 'संशयित क्र. ३: लिटमस बाई. चेहरा आम्लधर्मी. कटाची सूत्रधार.' सूत्रांचीच प्राध्यापिका, ती सूत्रधार असणार नाही तर कोण? इतका साधा दुवा मला दिसायला चोवीस तास लागले. मी आरोपपत्रावर सही ठोकली आणि भाचीबरोबर निघालो.

"तू कशाला येतोस?" तिने विचारलं.

"धीर द्यायला."

"माझा होता तेवढाही जाईल," ती म्हणाली. पण मला अडवलं नाही.

परीक्षेच्या खोलीबाहेर लांब ओसरी होती. मुलं रांगेत उभी. दारात खुर्ची टाकून लिटमस बाई बसल्या होत्या: बारीक अंगकाठी, नाकावर चष्मा, हातात शिक्का. प्रत्येकाचं पान घेत, एक बाजू बघत, उलटून दुसरी बाजू बघत आणि शिक्का मारत. भाचीचा नंबर आला तेव्हा दहाला पाच कमी होती. तिने अर्धं पान पुढे केलं.

"एवढंच?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू तर चार दिवस लिहीत होतीस ना?"

 हाच तो क्षण, असं समजून मी पुढे झालो, पॅडवरचा कागद काढला आणि बाईंच्या हातात ठेवला.

"वाचा. आणि मग मुलीच्या डोळ्याला डोळा भिडवून दाखवा."

बाईंनी वाचलं. सावकाश, एकेक ओळ.  'चेहरा आम्लधर्मी' पाशी त्या क्षणभर थांबल्या. त्या लाल होणार की निळ्या, हे मुलं श्वास रोखून पाहत होती. दोन्हीपैकी काहीच झालं नाही.

"तुम्ही कोण?"

"गुप्तहेर," मी म्हणालो.

"माझा मामा," भाची पुटपुटली.

बाईंनी मान डोलावली. मग आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी कागद उलटला.

मागे भाचीचं अक्षर होतं. बारीक, नेटकं, वरपासून खालपर्यंत. सूत्रं, समीकरणं, कोपऱ्यात चौकटीत बफर. आणि तळाशी, तिने न लिहिलेल्या दुसऱ्या बाजूसाठी, तीन अक्षरं: कृ. पा. उ. कृपया पान उलटा.

मला पहिल्या क्षणी वाटलं, चोर रंगेहाथ सापडला. दुसऱ्या क्षणी कळलं की हात माझा होता. काल सकाळी साखरेच्या डब्याशी एक बेवारस पाठकोरा कागद दिसला होता. मी तो पॅडला अडकवला, आणि चोवीस तास चोरीच्या मालाच्या पाठीवर चोराचा शोध लिहीत बसलो. कळसा काखेतही नव्हता हो, हातात होता.

"वर्णन मात्र तंतोतंत जुळतंय," बाई म्हणाल्या. "कागदाचा हावरट, दाट गैरसमज वगैरे."

भाचीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. कारण बाईंनी पान मांडीवर ठेवून दाराला लावलेल्या पत्रकावर बोट ठेवलं होतं. "तिसरा नियम. दुसऱ्याच्या हस्ताक्षरातला एक शब्दही चालत नाही. इथे तर कादंबरी आहे. पान जमा."

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "हिचे सहामाहीचे गुण पण माझ्यामुळे गेलेत. मला काय ती शिक्षा करा. मी इथे उन्हात उभा राहतो. हिचं वर्ष नका घालवू."

"तुम्ही माझे विद्यार्थी नाही. देवाची कृपा."

घड्याळात दहा वाजून तीन मिनिटं. तेव्हा भाची बोलली. रोज संध्याकाळी मला समजावताना लावायची तोच शांत सूर.

"मॅडम, नियम का आहे तेही तुम्हीच लिहिलंय. दुसऱ्याच्या ज्ञानावर उत्तरं लिहिली जाऊ नयेत म्हणून."

"बरोबर."

"मग या मजकुरात ज्ञान आहे का, तेवढं तपासा."

ओसरीवर कोणीतरी फसकन हसलं. बाईंनी पान परत उलटलं आणि माझा मजकूर नव्याने वाचू लागल्या, प्रयोगशाळेत अनोळखी भुकटी तपासावी तसा.  माझ्या उभ्या कारकिर्दीचा निकाल लागत होता, आणि तो शून्य लागावा म्हणून मी मनोमन हात जोडले होते. कोटाच्या बाहीपाशी त्यांचं बोट अडखळलं तेव्हा वाटलं, मेलो, इथे आकडे आहेत. पण बोट पुढे सरकलं.

दहा वाजून सात मिनिटांनी त्यांनी लाल पेन काढलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं: 'वरील मजकूर तपासला. उपयुक्त माहिती: शून्य.' सही, तारीख, शिक्का.

"एकच पान नेता येईल. कोणतं नेतेस?"

भाचीने ते पान ओढूनच घेतलं. अर्धं पान माझ्या हातात कोंबलं आणि आत पळाली. दार बंद झालं.

दोन तास मी ओसरीतल्या बाकावर बसून होतो. हातात भाचीचं अर्धं पान, खिशात पेन. ते उलटलं तर मागची बाजू पांढरी शुभ्र. या प्रकरणावर मनात पुष्कळ काही येत होतं, टिपण करावं असं. दोनदा पेन बाहेर काढलं. दोन्ही वेळा परत ठेवलं.

बाराला ती बाहेर आली. आधी माझ्या हातातलं पान घेतलं, उलटून पाहिलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काहीच लिहिलं नाहीस? मामा, बरा आहेस ना?"

"पेपर कसा गेला ते सांग."

"बफर आलं होतं. पंचवीस मार्कांना. आणि बघून डोकं बंदच पडलं माझं, सहामाहीसारखं. पानावर सूत्र होतं, पण ते काय म्हणतंय तेच कळेना. मग पान उलटलं." ती बाकावर टेकली. "तुझं अक्षर होतं समोर. तूच समोर बसल्यासारखा वाटलास. मग मनातल्या मनात तुला समजावून सांगितलं."

"मला कळलं?"

"नाही ना! म्हणून परत पहिल्यापासून सांगितलं. तेव्हा मला कळलं."

 सर्दीचं नाक वेळेवर कामाला आलं. रुमाल काढायला कारण मिळालं.

निकाल लागला तेव्हा भाचीला चौसष्ट गुण होते. सहामाहीचे बावीस नियमाप्रमाणे पुसले गेले. ताईने त्या दिवशी मला दोनदा वाढलं, पण कोटाच्या बाहीचा विषय अजून मिटलेला नाही.

ते पान भाचीने मला देऊन टाकलं. मी ते फ्रेमवाल्याकडे नेलं. लेखी, सही-शिक्क्यासकट शून्य मिळालेला माझ्याखेरीज दुसरा गुप्तहेर निदान मला तरी ठाऊक नाही. फ्रेमवाल्याने पान हातात घेऊन विचारलं, कोणती बाजू दिसायला हवी. मी म्हणालो, दोन्हीकडून काच लावा. तो म्हणाला, "अहो, भिंतीकडची बाजू कोण बघणार?"

"उलटून बघणारी माणसं असतात," मी म्हणालो. "तुम्ही लावा."